विश्लेषण : दोन कॉन्सल, पण कारभारी एकच! सीझरला नियमांनी अडवू पाहणाऱ्या बिब्युलसचे पुढे काय झाले?

प्राचीन रोममध्ये वर्षाला क्रमांक नसे. त्या वर्षीच्या दोन कॉन्सलच्या नावांनी ते ओळखले जाई. त्या हिशेबाने इ.स.पू. ५९ हे वर्ष ‘सीझर आणि बिब्युलस’ यांचे. मात्र रोमचे लोक गमतीने त्याला ‘ज्युलियस आणि सीझर’ यांचे वर्ष म्हणू लागले. ही दोन्ही नावे एकाच माणसाची. दुसरा कॉन्सल जणू अस्तित्वातच नव्हता. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या कॉन्सलकडे, म्हणजे मार्कस कॅल्पर्निअस बिब्युलसकडे, सीझरइतकेच अधिकार होते. नकाराधिकार होता, कायद्याचा आधार होता, धर्माचाही आधार होता. तरीही कार्यकाळातील आठ महिने त्याला घरात बसून काढावे लागले. हे कसे घडले आणि पुढच्या दहा वर्षांत रोमला त्याची काय किंमत मोजावी लागली, ते समजून घेऊया.

बिब्युलस कोण होता?

बिब्युलस हा कॅल्पर्निअस या जुन्या, प्रतिष्ठित घराण्यातला. सेनेटचे वर्चस्व टिकले पाहिजे, असे मानणाऱ्या गटाचा तो खंदा सदस्य होता. या गटाचा नैतिक चेहरा असलेला धाकटा केटो हा त्याचा सासरा. केटोची मुलगी पोर्शिया ही बिब्युलसची पत्नी.

रोममध्ये राजकीय कारकीर्द म्हणजे ठरावीक पायऱ्यांचा जिना होता. आधी क्वेस्टर म्हणून खजिन्याचे काम, मग ईडाइल म्हणून बाजार, रस्ते आणि उत्सवांची व्यवस्था, त्यानंतर प्रेटर म्हणून न्यायदान आणि शेवटी कॉन्सल. प्रत्येक पदासाठी किमान वय आणि दोन पदांमधील अंतर कायद्याने ठरलेले होते. त्यामुळे एकाच वयाचे महत्त्वाकांक्षी लोक पायरीपायरीवर एकमेकांना भेटत. बिब्युलसच्या नशिबी असा सोबती आला तो ज्युलियस सीझर. इ.स.पू. ६५ मध्ये दोघे ईडाइल, ६२ मध्ये दोघे प्रेटर आणि ५९ मध्ये दोघे कॉन्सल झाले.

ईडाइल असताना दोघांनी मिळून उत्सव आणि खेळ भरवले. खर्च दोघांचा होता, पण वाहवा मात्र एकट्या सीझरची झाली. त्यावर बिब्युलसने मारलेला टोमणा रोमन लेखक सुएटोनिअसने नोंदवून ठेवला आहे. रोमच्या मुख्य चौकात, म्हणजे फोरममध्ये, कॅस्टर आणि पॉलक्स या जुळ्या देवांचे मंदिर होते. आपल्याकडच्या अश्विनीकुमारांची आठवण व्हावी असे हे दैवत. मंदिर दोघांचे, पण लोक त्याला नुसते ‘कॅस्टरचे मंदिर’ म्हणत. आपले नशीब पॉलक्ससारखे आहे, असे बिब्युलस म्हणाला होता. पुढे सहा वर्षांनी याच मंदिराच्या पायऱ्यांवर त्याच्या कारकिर्दीला कलाटणी मिळणार होती.

एक कॉन्सल दुसऱ्या कॉन्सलला कसा रोखू शकत असे?

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी राजाला हाकलले. पुन्हा कोणी राजा होऊ नये, यासाठी त्यांनी सर्वोच्च पदाचे दोन तुकडे केले. दोन कॉन्सल, दोघांना समान अधिकार आणि मुदत फक्त एक वर्ष. एकाने चुकीचे पाऊल उचलले तर दुसऱ्याने ‘नाही’ म्हणायचे आणि ते पाऊल थांबायचे. ‘व्हेटो’ या शब्दाचा लॅटिनमधील अर्थच ‘मी मनाई करतो’ असा आहे.

अधिकाराची खूणसुद्धा आलटूनपालटून मिळे. प्रत्येक कॉन्सलपुढे १२ लिक्टर, म्हणजे चोपदार, चालत. त्यांच्या खांद्यावर दांडक्यांची बांधलेली मोळी असे. तिला फॅसेस म्हणत. कारभाराचा मान एक महिना एकाकडे, तर पुढचा महिना दुसऱ्याकडे जाई.

याशिवाय सामान्य जनतेचे १० ट्रिब्यून दरवर्षी निवडले जात. त्यांनाही नकाराधिकार होता आणि त्यांच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह मानला जाई. थोडक्यात, कारभारात खोडा घालण्याच्या जागा रोमन व्यवस्थेत जाणूनबुजून ठेवलेल्या होत्या. मात्र या व्यवस्थेत एक गृहीतक होते. ‘नाही’ म्हणणारा ते क्वचितच म्हणेल आणि ऐकणारा ते मुकाट्याने ऐकेल. नकार धुडकावला गेला तर पुढे काय, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात नव्हते. शहरात पोलीस दल नव्हते आणि कायदा वैध की अवैध हे ठरवणारे न्यायालयही नव्हते.

ही निवडणूक कशी झाली?

इ.स.पू. ६० च्या उन्हाळ्यात निवडणूक झाली. सीझरचा विजय जवळपास निश्चित होता. त्याने लुसिअस लुसियस या श्रीमंत उमेदवाराशी हातमिळवणी केली. पैसा लुसियसचा आणि लोकप्रियता सीझरची, असा हा सौदा होता. दोन्ही कॉन्सल एकाच गोटातले झाले तर सीझरला लगाम घालणारे कोणीच उरणार नाही, या भीतीने सेनेटमधील धुरिणांनी वर्गणी काढली आणि मतदारांना वाटण्यासाठी बिब्युलसला पैसा पुरवला. लाचखोरीविरुद्ध सतत बोलणाऱ्या केटोनेही हा खर्च देशहिताचा असल्याचे मान्य केले, असे सुएटोनिअस सांगतो. नियमांच्या रक्षकाची निवड अशी नियम मोडूनच झाली.

निकाल लागण्यापूर्वीच सेनेटने आणखी एक खेळी केली होती. कॉन्सलपदानंतर मिळणारे काम आधीच ठरवण्याचा अधिकार सेनेटला होता. या वर्षीच्या कॉन्सलना एखादा प्रांत आणि फौज देण्याऐवजी इटलीतील जंगले आणि कुरणवाटांची देखरेख नेमून देण्यात आली. सीझरच्या हाती सैन्य जाऊ नये, हा त्यामागचा उघड हेतू होता.

सीझरने याला पडद्याआडून उत्तर दिले. पूर्वेकडील मोहिमा जिंकून आलेला सेनापती पॉम्पी आणि रोममधील बडा धनिक क्रॅसस हे दोघे एकमेकांचे हाडवैरी, पण दोघेही सेनेटवर नाराज होते. पॉम्पीला आपल्या निवृत्त सैनिकांसाठी जमीन हवी होती, तर क्रॅससला करवसुलीच्या कंत्राटदारांसाठी सवलत. सीझरने दोघांना एकत्र आणले. ही तिघांची युती पुढे इतिहासात गाजली.

वाद कोणत्या कायद्यावरून पेटला?

कॉन्सलपद हाती घेताच सीझरने जमीनवाटपाचा कायदा मांडला. पॉम्पीचे निवृत्त सैनिक आणि शहरातील गरिबांना जमीन देणे हा त्याचा उद्देश. जमीन जबरदस्तीने घ्यायची नव्हती. जो स्वखुशीने विकेल त्याच्याकडून, सरकारदरबारी नोंदलेल्या किमतीला ती घ्यायची होती. पैसा पूर्वेकडील विजयातून आलेला होता. वाटपासाठी २० जणांचे मंडळ नेमायचे होते आणि त्यात सीझर स्वतः असणार नव्हता.

मसुदा इतका काळजीपूर्वक केलेला होता, की सेनेटमध्ये सीझरने कलमवार आक्षेप विचारले तेव्हा कोणालाच ठोस उत्तर देता आले नाही. केटोनेही कायद्यातील एखादे कलम वाईट असल्याचे म्हटले नाही. आहे ते चालू द्यावे, नवे काही करू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. खरी अडचण कायद्याची नव्हती, श्रेयाची होती. हजारो कुटुंबांना जमीन मिळाली तर ती सर्व कुटुंबे सीझरची ऋणी होणार होती.

सूर्यास्तानंतर सेनेटला ठराव करता येत नसे. केटो भाषणाला उभा राहिला आणि बोलतच राहिला. आज अमेरिकी सेनेटमध्ये ज्याला ‘फिलिबस्टर’ म्हणतात, त्याचा हा गाजलेला पूर्वज. संतापलेल्या सीझरने त्याला अटक करून तुरुंगाकडे नेण्याचा हुकूम सोडला. तेव्हा अनेक सदस्य उठून केटोच्या मागे चालू लागले आणि सीझरला माघार घ्यावी लागली.

याच वर्षी सीझरने आणखी एक गोष्ट केली. सेनेट आणि जनसभेचे दैनंदिन कामकाज नोंदवून जाहीर करण्यास त्याने सुरुवात केली. वृत्तपत्रांच्या इतिहासात हा टप्पा नेहमी सांगितला जातो. त्यामुळे बंद दाराआड होणारी कोंडी आता चव्हाट्यावर येणार होती.

मतदानाच्या दिवशी नेमके काय घडले?

सेनेट बधत नाही म्हटल्यावर सीझर थेट जनसभेत गेला. तिथे त्याने सर्वांसमोर बिब्युलसला विचारले, की कायद्यात तुला काय खटकते? बिब्युलसने मुद्द्याचे उत्तर दिलेच नाही. तुम्हा सर्वांना हवा असला तरी यंदा हा कायदा होणार नाही, असे त्याने जमावालाच बजावले. राजकारणी म्हणून ही त्याची मोठी चूक होती. ज्या लोकांच्या नावाने तो व्यवस्था वाचवू पाहत होता, त्यांनाच त्याने झिडकारले.

त्यानंतर सीझरने पॉम्पी आणि क्रॅससला व्यासपीठावर बोलावले. कोणी तलवार उपसली तर आपणही ढाल घेऊन उभे राहू, अशा आशयाचे पॉम्पी बोलला. इशारा पुरेसा स्पष्ट होता.

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून फोरम सीझर आणि पॉम्पीच्या माणसांनी भरलेला होता. त्यात पॉम्पीचे जुने सैनिकही होते. बिब्युलस आपल्या बाजूच्या तीन ट्रिब्यूनना घेऊन कॅस्टरच्या मंदिराकडे निघाला आणि पायऱ्या चढून मनाईचे शब्द उच्चारू लागला. जमाव त्याच्यावर तुटून पडला. चोपदारांच्या मोळ्या मोडल्या गेल्या. काही जण जखमी झाले, त्यात ट्रिब्यूनही होते. खुद्द कॉन्सलच्या डोक्यावर शेणघाणीची टोपली ओतली गेली. बिब्युलसला तिथून हलवण्यात आले आणि कायदा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी बिब्युलसने सेनेटची बैठक बोलावली. घडलेला प्रकार सांगून हा कायदा रद्द करावा, अशी त्याची अपेक्षा होती. सभागृहात सहानुभूती होती, पण बोलायला कोणी उठले नाही. कायद्यातील कलमानुसार सेनेटच्या सदस्यांना तो पाळण्याची शपथ घ्यावी लागणार होती. काही दिवस ताणून धरून अखेर केटोनेही ती शपथ घेतली.

‘आकाश पाहणे’ म्हणजे काय?

या घटनेनंतर बिब्युलस घरी गेला आणि वर्ष संपेपर्यंत कारभारात दिसला नाही. पण तो गप्प बसला नव्हता. त्याच्याकडे शेवटचे एक हत्यार उरले होते.

रोमनांच्या समजुतीनुसार सार्वजनिक निर्णयाला देवांची संमती लागे. जनसभेच्या दिवशी वीज चमकली तर तो कौल प्रतिकूल मानून सभा मोडावी लागे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यातील कायद्यांनी या प्रथेला नियमांची चौकट दिली होती. वरिष्ठ अधिकारी ‘मी आज आकाशाचे निरीक्षण करणार आहे’ असे जाहीर करू शकत असे. प्रत्यक्षात वीज दिसलीच पाहिजे, अशी गरज उरली नव्हती. अधिकाऱ्याने पाहायचे ठरवले म्हणजे त्याला काही ना काही दिसणारच, असे गृहीत धरले जाई. त्यामुळे नुसती घोषणा झाली, की सभा पुढे ढकलायची असा शिरस्ता होता.

जनसभेच्या प्रत्येक दिवशी आपण आकाश पाहत आहोत, असे बिब्युलसने घरातून कळवायला सुरुवात केली. त्याच्या मते त्यानंतर झालेला प्रत्येक कायदा अवैध होता. सीझरने या सूचनांकडे सरळ दुर्लक्ष केले. विशेष म्हणजे सीझर त्या वेळी रोमचा प्रमुख धर्माधिकारीही होता.

कायद्याच्या दृष्टीने बिब्युलसची बाजूही भक्कम नव्हती. अशी सूचना सभेच्या ठिकाणी स्वतः हजर राहून द्यायला हवी होती, पत्रकाने नव्हे, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरी बाजू अशी, की हजर राहायला गेल्यावर काय होते ते फोरममध्ये दिसले होते. सीझरच्या बाजूचा ट्रिब्यून वॅटिनिअस याने तर बिब्युलसला तुरुंगात टाकण्याचाही प्रयत्न केला होता.

घरात बसून बिब्युलसने काय साधले?

अडवणूक म्हणून पाहिले तर काहीच नाही. त्या वर्षात एकामागून एक कायदे झाले. दुसऱ्या जमीन कायद्याने कँपेनियातील सुपीक सरकारी जमीन तीन किंवा अधिक मुले असलेल्या सुमारे २०,००० नागरिकांना देण्याचे ठरले. करवसुलीच्या कंत्राटदारांची एक तृतीयांश रक्कम माफ झाली. पॉम्पीने पूर्वेकडे केलेल्या सर्व व्यवस्थांना मान्यता मिळाली. प्रांतांमधील अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीला आळा घालणारा, पुढे शतकानुशतके वापरात राहिलेला कायदाही याच वर्षीचा. वॅटिनिअसने मांडलेल्या कायद्याने सीझरला पाच वर्षांसाठी अलीकडचा गॉल आणि इलिरिकम हे प्रांत मिळाले. जंगले आणि कुरणवाटांची नेमणूक कागदावरच राहिली. पुढे आल्प्सपलीकडचा गॉलही खुद्द सेनेटनेच सीझरला देऊन टाकला.

मात्र जनमतावर बिब्युलसचा परिणाम झाला. तो घरातून पत्रकांवर पत्रके काढत राहिला. त्यात सीझर आणि पॉम्पीवर जहरी, वैयक्तिक टीका असे. ही पत्रके जिथे लावली जात, तिथे वाचणाऱ्यांची इतकी गर्दी होई, की रस्त्याने जाणे मुश्कील होई, असे सिसेरोने त्या उन्हाळ्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. नाट्यप्रयोगात पॉम्पीला लागू पडणारी ओळ आली, तेव्हा प्रेक्षकांनी नटाला ती पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. २५ जुलैला पॉम्पीने या पत्रकांविरुद्ध भाषण केले, पण ते पडले. बिब्युलसच्या घरावर चाल करून जाण्यास सीझरने लोकांना चिथावले, तर जमाव जागचा हलला नाही.

बिब्युलसने पुढच्या वर्षीची निवडणूकही १८ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. तरीही निवडून आले ते सीझरचा सासरा पिसो आणि पॉम्पीचा माणूस गॅबिनिअस. डिसेंबरअखेर पद सोडताना बिब्युलसला लोकांपुढे वर्षभराचा हिशेब मांडायचा होता. क्लोडिअस या नव्या ट्रिब्यूनने त्याला भाषणच करू दिले नाही.

मग ते कायदे वैध होते की अवैध?

हाच प्रश्न पुढे रोमच्या मानगुटीवर बसला. इ.स.पू. ५८ च्या सुरुवातीला दोन नव्या प्रेटरनी सेनेटमध्ये सीझरच्या कायद्यांची चौकशी मागितली. तीन दिवस वादावादी झाली आणि निर्णय काहीच झाला नाही. सीझर आपल्या प्रांताकडे निघून गेला.

प्रश्न किती गुंतागुंतीचा होता, हे क्लोडिअसच्या उदाहरणातून दिसते. क्लोडिअस जन्माने पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या सरदार वर्गातला. ट्रिब्यून फक्त प्लेबियन, म्हणजे सामान्य वर्गातल्यांनाच होता येई. म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या पाठिंब्याने त्याला एका प्लेबियन माणसाला दत्तक देण्यात आले. दत्तक घेणारा बाप मुलापेक्षा वयाने लहान होता! ट्रिब्यून झाल्यावर क्लोडिअसने आकाश पाहून सभा रोखण्याच्या अधिकारालाच कात्री लावली. पुढे त्याचे पॉम्पीशी बिनसले. तेव्हा त्याने बिब्युलसला सभेत उभे करून विचारले, की सीझर कायदे करत असताना तू आकाश पाहत होतास का? बिब्युलसने होकार दिला.

सीझरचे कायदे अवैध ठरवण्याचा हा डाव होता. पण ते अवैध असतील तर त्याच काळातले क्लोडिअसचे दत्तकविधानही अवैध. म्हणजे तो ट्रिब्यूनच नव्हता आणि त्याने केलेले कायदेही कायदे नव्हते. क्लोडिअसचा वैरी सिसेरो याने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. एक गाठ सोडवायला गेले की दुसरी बसत होती. त्यामुळे सोयीनुसार प्रश्न उकरून काढायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा, असेच सर्वांनी केले.

सीझरला याचा फटका बसला का?

बसला, पण उशिरा. रोममध्ये पदावर असलेल्या अधिकाऱ्यावर खटला चालत नसे. पद सुटले की संरक्षणही सुटे. सीझर साधा नागरिक म्हणून परतला तर इ.स.पू. ५९ मधील कृत्यांबद्दल त्याला न्यायालयात खेचू, असे केटो उघडपणे सांगत होता. त्यामुळे एक पद संपण्याआधी दुसरे हाती असणे सीझरसाठी महत्त्वाचे ठरले. इ.स.पू. ५५ मध्ये त्याची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. ती संपत आल्यावर रोममध्ये न येता कॉन्सलपदाची उमेदवारी करू द्यावी, यासाठी तो अडून बसला.

खटल्याची भीती किती खरी होती, यावर आजच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते सीझरला जास्त चिंता प्रतिष्ठेची होती. पण दोन्ही पक्षांमधील अविश्वासाचे मूळ त्या वर्षात होते, हे नाकारता येत नाही. बिब्युलसला सीझरचे कायदे थांबवता आले नाहीत, पण त्यांच्यावर प्रश्नचिन्ह उमटवता आले. त्यामुळे सीझरला सत्ता सोडणे अवघड झाले.

इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सेनेटने सीझरविरुद्ध पाऊल उचलले. तेव्हा त्याच्या बाजूच्या ट्रिब्यूननी, त्यात मार्क अँटनीही होता, नकाराधिकार वापरला. तो धुडकावण्यात आला आणि ट्रिब्यून रोममधून पळाले. ट्रिब्यूनच्या हक्कांचे रक्षण हे एक कारण पुढे करून सीझर रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत घुसला. दहा वर्षांपूर्वी ट्रिब्यूनना मारहाण होत असताना या हक्कांची त्याला आठवण झाली नव्हती. सेनेटलाही आपला जुना आग्रह आता आठवला नाही.

बिब्युलस स्वतः नियमांचा पक्का होता का?

याचे उत्तर सरळ नाही. इ.स.पू. ५२ मध्ये क्लोडिअसचा खून झाला. त्याच्या समर्थकांनी त्याची चिता सेनेटच्या सभागृहातच पेटवली आणि इमारत जळाली. शहरात अराजक माजले होते. अशा वेळी पॉम्पीला ‘एकटाच कॉन्सल’ करावे, असा ठराव सेनेटमध्ये मांडला तो बिब्युलसने. केटोने त्याला पाठिंबा दिला. दुसऱ्या कॉन्सलचा मान राखला जावा म्हणून ज्याने अंगावर घाण झेलली, त्यानेच दुसरा कॉन्सल नको, असे सुचवले.

पण याच माणसाची दुसरी बाजूही आहे. इ.स.पू. ५१ मध्ये तो सीरियाचा राज्यपाल झाला. त्या काळात त्याच्या दोन मुलांची इजिप्तमध्ये हत्या झाली. मारेकरी तिथे स्थायिक झालेले रोमन सैनिक होते. राणी क्लिओपात्राने त्यांना पकडून, बेड्या घालून बिब्युलसकडे पाठवले. बापाच्या हाती सूडाची संधी होती आणि अडवणारे कोणी नव्हते. बिब्युलसने त्यांना हातही न लावता परत पाठवले. शिक्षा देण्याचा अधिकार आपला नसून सेनेटचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. रोमन लेखक व्हॅलेरिअस मॅक्सिमसने ही हकीकत संयमाचे उदाहरण म्हणून दिली आहे.

शेवट कसा झाला?

यादवी युद्धात पॉम्पीने एड्रिएटिक समुद्रावरील आरमाराची सूत्रे बिब्युलसकडे दिली. सीझरला इटलीतून ग्रीसकडे उतरू द्यायचे नाही, हे त्याचे काम. म्हणजे पुन्हा अडवणूकच! इ.स.पू. ४८ च्या जानेवारीत ऐन हिवाळ्यात सीझर सात तुकड्यांसह समुद्र ओलांडून गेला. कोर्फू बेटावर ११० जहाजे घेऊन थांबलेल्या बिब्युलसला वेळेत निघता आले नाही. सीझरला पोहोचवून परतणारी सुमारे ३० जहाजे त्याच्या हाती लागली. ती त्याने खलाशांसकट जाळली. यादवी युद्धाच्या क्रौर्यातून तोही सुटला नाही.

त्यानंतर त्याने किनाऱ्याची इतकी कडक नाकेबंदी केली, की मार्क अँटनीबरोबरची उरलेली फौज कित्येक आठवडे इटलीतच अडकून पडली. पण किनारा सीझरच्या ताब्यात असल्याने बिब्युलसच्या जहाजांना पाणी आणि सरपणही मिळेना. याच सुमारास वाटाघाटीची एक संधी आली. बिब्युलसने तिथे जाणे टाळले. आपला स्वभाव तापट आहे आणि सीझरशी ईडाइल आणि प्रेटर असल्यापासूनचे वैर आहे, त्यामुळे बोलणी फिसकटतील, असे कारण त्याने दिले. ही नोंद खुद्द सीझरने आपल्या युद्धवृत्तांतात केली आहे.

थंडी आणि दगदगीने बिब्युलस आजारी पडला. जहाजावर उपचार शक्य नव्हते आणि पहारा सोडून किनाऱ्यावर जायला तो तयार नव्हता. त्यातच त्याचा मृत्यू झाला. काही महिन्यांतच फार्सेलसच्या लढाईत पॉम्पीचा पराभव झाला. पोर्शियाने पुढे ब्रूटसशी लग्न केले. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरवर वार करणाऱ्यांमध्ये तो होता.

या कारकिर्दीचा अर्थ काय?

इ.स.पू. ५९ ची कथा ‘बळी तो कान पिळी’ एवढ्यावर संपवता येत नाही. सीझरचा जमीन कायदा गरजेचा होता आणि त्याला विरोध करणाऱ्यांकडे पर्याय नव्हता. त्यांनी कायद्यात दुरुस्ती सुचवली नाही, तडजोड केली नाही. हातातील प्रत्येक नियम फक्त अडवण्यासाठी वापरला. अडवणूक हेच धोरण झाले, तेव्हा लोकांना नियमांपेक्षा नियम मोडणारा जवळचा वाटला. दुसरीकडे सीझरने योग्य कायद्यासाठी दांडगाई वापरली आणि ती चालते हे सर्वांना दाखवून दिले. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही बाजूंनी हा धडा गिरवला.

कॉन्सलचे पद मात्र टिकले. सम्राटांच्या काळातही दरवर्षी कॉन्सल नेमले जात, त्यांच्या नावाने वर्षे मोजली जात. ही प्रथा इ.स. ५४१ पर्यंत, म्हणजे बिब्युलसनंतर जवळपास सहा शतके चालू होती. चोपदार होते, मान होता, समारंभ होते. दुसऱ्याला ‘नाही’ म्हणून थांबवण्याची ताकद मात्र त्या पदात उरली नव्हती.